वाळूचं घमेलं

सुई शिरेत गेली तेव्हा ती मुलगी रडली नाही. सहा-सात वर्षांची असेल. तिनं आपल्या हाताकडे बघितलंच नाही. तिचं लक्ष मितेशच्या मनगटावर होतं. ट्यूब भरत आली तशी ती म्हणाली, ‘‘अंकल, तुमच्याकडे माऊ आहे?’’

‘‘नाही,’’ मितेश म्हणाला.

‘‘आहे. वास येतो.’’

तिची आई ओशाळली. ‘‘काहीही बोलते हो ही,’’ म्हणाली आणि मुलीच्या दंडावर चापट मारली. मितेशनं कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितलं, ट्यूबवर नाव आणि वेळ घातली आणि आत बेसिनपाशी गेला. एप्रनच्या बाहीवर, ग्लोव्हजची कड संपते तिथे, तीन पांढरे केस चिकटले होते. ते त्यानं चिमट्यानं उचलून कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकले, ग्लोव्हज काढले आणि हात हुंगला. साबण, स्पिरिट, रबर, आणि त्या सगळ्याच्या तळाशी तो दुसरा वास ठाण मांडून बसलेला: भाजलेला बोंबील, लाळ, ओली वाळू. त्यानं कोपरापर्यंत दोनदा हात धुतले. वास हलला नाही. 

गंमत अशी, की ह्या माणसाला किळस येते यावर कल्याणच्या त्या लॅबमध्ये कुणाचा विश्वास बसला नसता. अठरा वर्षं तो लोकांची लघवी, शौच आणि थुंकी हाताळत होता. डबा खाऊन उठायचा आणि सरळ बेडक्यांच्या डब्या उघडायला बसायचा. नवीन पोरं तोंड वाकडं करायची तेव्हा तो म्हणायचा, नाव आणि नंबर घातला की ती घाण राहत नाही, काम होतं. पण घरी त्याला बायकोच्या कंगव्यातला केस चालत नसे. ताटाच्या कडेला कुणी काढून ठेवलेली मिरची दिसली की त्याचं जेवण संपायचं. बायको म्हणायची, तुमचं नाक लॅबमध्ये गहाण असतं आणि घरी येताना सोडवून आणता. आज ते लॅबमध्येच सुटलं होतं. आणि ते सोडवलं होतं चार मांजरांनी, जी त्याची नव्हती.

मांजरं दर्शनाताईची. ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, शेणवे गावातल्या घरात एकटी राहणारी, शाळेत शिकवणारी. तिच्या गर्भाशयाचं ऑपरेशन मुंबईला ठरलं. सोबतीला मामेबहीण भाविका गेली. जाण्याआधी ताईनं त्याला फोन केला होता. ती विनवण्या करणारी बाई नव्हे. ‘‘आठ दिवस घरी येऊन राहा,’’ ती म्हणाली. ‘‘मांजरांचं बघायचंय. आप्पांच्या वेळी तुला बोलावलं नाही मी. आता बोलावतेय.’’ पहिल्या दोन वाक्यांना त्याच्याकडे नकार तयार होता. शेवटच्या दोन वाक्यांनंतर तो नकार कुठे ठेवावा हे त्याला कळेना. तो ‘‘येतो,’’ म्हणाला. आणि हेही त्याला कळलं, की ताई आता पुन्हा काही मागणार नाही. हे आठ दिवस कसे जातात त्यावर तिच्या मनातलं त्याचं खातं एकदाचं मिटेल, इकडे किंवा तिकडे.

पहिल्या संध्याकाळी त्यानं ती चारही जणं बघितली आणि ओट्याला टेकून उभा राहिला. निरोगी असं एकही नव्हतं. ताई बरी मांजरं पाळतच नसे; बरी असलेली आपोआप जगतात म्हणायची. म्हातारीची मूत्रपिंडं गेलेली. ती दिवसभर पाणी पीत राहायची आणि तिच्या कातडीला गंजल्या लोखंडासारखा वास यायचा. तिला बिनमिठाची कोंबडीची पेज. शेवंतीच्या तोंडात फोड, हिरड्या सडलेल्या, हनुवटीवरून तपकिरी लाळेची तार कायम लोंबत असलेली. तिचं तोंड मिठाच्या कोमट पाण्यानं पुसायचं आणि मिक्सरमध्ये फिरवलेलं खाणं सुई काढलेल्या सिरिंजनं गालात सोडायचं. नकटीचं नाक जन्मापासून चोंदलेलं. वास आल्याशिवाय मांजर खात नाही, आणि हिला साधा वास येत नाही. म्हणून बोंबील चुलीवर करपेपर्यंत भाजायचा, कुटायचा आणि तिच्या भातावर पेरायचा. मग ती खायची, शिंकत, हिरवा शेंबूड भातात पाडत, आणि तो भातासकट गिळत. चौथा टिंग्या. अंगानं भरलेला, चकचकीत, एकटाच बघण्यासारखा बोका. पण त्याची लघवी अडायची. आत खडे धरायचे. त्याला सगळं पातळ, पाणी घातलेलं, आणि सुकी मासळी म्हणजे विष. त्याचं घमेलं मोरीत वेगळं, बारीक वाळू भरलेलं. रोज दोनदा त्यातले ओले गोळे हातानं चाचपून मोजायचे. ताईनं हे सगळं एका कागदावर लिहून फ्रीजला लावलं होतं आणि शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या होत्या: वाळू बघितल्याशिवाय टाकायची नाही.

त्यानं पहिल्या दिवशी वाळू बघितली. दुसऱ्या दिवशी नाकाला रुमाल बांधून बघितली. तिसऱ्या दिवशी घमेलं हातात घेऊन परसात जाताना मान वळवली, पलीकडच्या बांधावर उपडं केलं आणि नवीन वाळू भरली. संध्याकाळी ताईचा फोन आला. ती स्वतःच्या टाक्यांबद्दल बोलली नाही. तिनं विचारलं, ‘‘टिंग्यानं मुतलं का?’’

‘‘हो.’’

‘‘किती?’’

‘‘तीन गोळे,’’ मितेश म्हणाला. आकडा सांगितल्यावर त्याला स्वतःलाही ते खरं वाटलं. नंतर रोज संध्याकाळी तोच प्रश्न आणि तेच तीन गोळे.

आणखी एक गोष्ट त्यानं तिसऱ्याच दिवशी केली. मांजरांच्या ताटल्या स्टीलच्या होत्या, लग्ना-बारशात वाटतात तशा, कडेला नाव कोरलेल्या. प्रत्येकीचा कोपरा ठरलेला. नकटीची ताटली घासताना त्याच्या बोटाला अक्षरं लागली. उजेडाला धरून वाचलं: कै. काळूराम धर्मा विशे यांच्या स्मरणार्थ. तीन ओळींत, किंचित तिरकं. ही ताटली त्यानंच करवून घेतली होती. आप्पा, म्हणजे वडील, अकरा महिने अंथरुणावर होते आणि त्यांच्यासाठी त्यानं केलेली हीच एक गोष्ट, तीही ते गेल्यावर. वर्षश्राद्धाला कल्याणहून एकावन्न ताटल्या कोरून आणल्या, पाहुण्यांना वाटल्या, आणि उरलेली ही, जिच्यात मांजरीचा शेंबूड वाळून काचेसारखा झाला होता. त्याला ताईचा राग आला. मग राग गेला आणि आतून नुसती किळस उरली, आणि ती मांजरीची आहे की आणखी कशाची हे सांगता येईना. आप्पांच्या पलंगाला लघवीची पिशवी लटकायची. एका रविवारी ताई अंगणात कपडे वाळत घालत होती, ओरडली नाही, फक्त दारातून म्हणाली, ‘‘मितू, पिशवी भरलीय बघ, रिकामी कर.’’ तो पलंगापर्यंत गेला. पिवळी, ढगाळ, तळाशी गाळ बसलेली पिशवी. लॅबमध्ये रोज दिसते तशीच. पण तिची नळी चादरीखाली जात होती आणि चादरीच्या दुसऱ्या टोकाला आप्पांचे डोळे होते, उघडे, त्याच्याकडे बघणारे. ‘‘मला नाही जमायचं,’’ तो म्हणाला, ओट्यावर गेला आणि फोन काढून बसला. ताईनं ओले हात पदराला पुसले आणि आत गेली. त्यावर दोघंही पुन्हा कधी बोलले नाहीत.

तर त्यानं आप्पांची ताटली नकटीच्या कोपऱ्यातून उचलली, गरम पाण्यानं घासली आणि खिडकीखाली टिंग्यापुढे ठेवली. टिंग्या स्वच्छ खायचा, ताटली चाटून लखलखीत करायचा. टिंग्याची ताटली नकटीला दिली. वडिलांच्या नावाला निदान शेंबूड लागणार नाही. एवढं करून त्याला इतकं बरं वाटलं, की दुपारी त्यानं जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला.

चौथ्या दिवशी लॅबमधून फोन आला. तिथल्या अक्षयला कावीळ झाली होती आणि तीन दिवस तरी कुणी नव्हतं. मितेश पहाटे निघायचा. सकाळचं खाणं तानीबाय घालणार होती. ती वाडीतली, साठीची, ताईकडे धुणीभांडी करणारी. ताई शाळेत असली की मांजरांचं तीच बघायची. मोहाचे दिवस होते. ती उजाडायच्या आत फुलं वेचायला जायची, टोपलं भरून परतताना इथे शिरायची, आणि उन्हात फुलं पसरायची घाई असायची म्हणून पाय घराकडेच ओढत असायचे. ‘‘तू जा रं दादा,’’ ती म्हणाली होती. ‘‘मला काय नवीन हाय? शेवंतीची पिचकारी सोडून सगळं येतं मला. तिचं त्वांड बघून माजीच भाकर वर येते.’’ शेवंतीचं तो पहाटे उरकून जायचा. संध्याकाळी परतला की नकटीच्या ताटलीत सकाळचा भात तसाच पडलेला असायचा, वर साय धरलेला. माजलीय, असं म्हणून तो भात ताटलीकडे न बघता उकिरड्यावर टाकायचा.

हे सगळं त्याला त्या दुपारी लॅबमध्ये एका क्रमानं आठवलं नाही. आठवलं ते काचपट्टीवर. कुणा एका बावन्न वर्षांच्या माणसाची लघवी सूक्ष्मदर्शकाखाली होती आणि सगळ्या चकतीभर बंद पाकिटासारखे चौकोनी खडे चमकत होते. त्यानं फॉर्मवर खूण केली. पुढची काचपट्टी घेतली. आणि मग हात हवेतच राहिला. टिंग्याच्या वाळूचा ओला गोळा आपण शेवटचा कधी बघितला? पहिल्या दिवशी दोन. दुसऱ्या दिवशी दोन. नंतर त्यानं वाळू बघितली नव्हती. कालची वाळू टाकायला नेताना हलकी लागली होती का? लागली होती. कोरडी वाळू ओतताना जसा आवाज होतो तसा आवाजही झाला होता. कान वळवता येत नाहीत म्हणून तो ऐकू आला होता. आणि टिंग्या काल संध्याकाळी खिडकीखाली नव्हता. मोरीच्या कोपऱ्यात बसून होता, घशातून एक खोल, बाईमाणसासारखा आवाज काढत. मितेशनं मोरीचं दार लोटून घेतलं होतं. मालकाला त्यानं सांगितलं, घरी आजारी माणूस आहे. सांगताना त्याची जीभ अडखळली नाही.

आसनगावला उतरून तो जीपनं घरी पोचला तेव्हा चार वाजले होते. तानीबाय अंगणात घातलेली मोहाची फुलं वरखाली करत होती. आपल्या दारात जागा पुरत नाही म्हणून तिनं यांचं अंगण घेतलं होतं. त्या गोड, आंबूस वासातून तो आत गेला. टिंग्या मोरीत होता. मागचे पाय फाकवून, शेपटी थरथरवत, जोर करत होता, आणि जोर केल्यावर खाली काहीच येत नव्हतं. एक गुलाबी थेंब. मितेशनं घमेल्यात हात घातला. उघड्या हातानं, बोटं पसरून, तळापर्यंत. सगळी वाळू कोरडी. मग तो खिडकीखाली आला. आप्पांच्या ताटलीच्या कडेला, कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत, बोंबलाचा कुटलेला चुरा अडकला होता.

‘‘तानीबाय! ह्यात बोंबील कुणी घातला?’’

‘‘मी. कुनी म्हंजे?’’ ती दारात आली. ‘‘तीन वळींच्या ताटलीत बोंबील. बायनं वळी मोजूनच शिकवलंय मला.’’

‘‘ही टिंग्याची जागा आहे!’’

‘‘जागा आसंल. ताटली नकटीची हाय.’’ मग तिनं खिडकीकडे बघितलं, मितेशकडे बघितलं. ‘‘मला वाटलं ताटली हलली म्हंजे मांजार हललं आसंल. तुमी शिकलेली मानसं, कायतरी बघूनच हलवली आसंल.’’

‘‘पण समोर कोण येतंय ते तरी बघायचं!’’

‘‘मी कशाला बघू? ताटल्या भरायच्या नि जायचं. सा वर्सांत एकदा चूक नाय झाली. तू घरात व्हतास ना रोज सांजचा? तू काय बघत व्हतास रं?’’

 तानीबायनं उत्तराची वाट बघितली नाही. ती मोरीत वाकली, टिंग्याचं पोट चाचपलं आणि म्हणाली, ‘‘आयो. चेंडू झालाय. ऊठ, गाडी काढ.’’

ताईची स्कूटर त्यानं काढली. मागे तानीबाय, तिच्या मांडीवर भाजीच्या पिशवीत गळ्यापर्यंत कोंबलेला टिंग्या. शहापूरपर्यंत ती बोलत राहिली, अर्धं बोक्याशी, अर्धं त्याच्याशी. ‘‘गप रं राजा. आलं, आलं. ह्यो तुजा मामा गाडी चालवतो का नांगर? खड्डा चुकव की रं! त्येचं पोट फुटंल!’’ जनावरांच्या डॉक्टर हेतल मंगळवारी आणि शुक्रवारी मुरबाडला बसायच्या, बाकी दिवस इथे, पेंडीच्या दुकानामागच्या खोलीत. नशिबानं बुधवार होता. तिशीतली बाई, हातावर गाईच्या शिंगाचा जुना वण. तिनं पोट दाबून बघितलं आणि विचारलं, ‘‘शेवटची लघवी कधी?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘घरात कुणाला माहीत असेल?’’

‘‘मीच होतो घरात,’’ मितेश म्हणाला.

तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि भुलीचं इंजेक्शन भरलं. ‘‘नळी घालावी लागेल. माझा मदतनीस गावाला गेलाय. तुम्ही धरा. चक्कर येणाऱ्यातले नाही ना?’’

‘‘मी पॅथॉलॉजीत आहे.’’

‘‘मग बरंच झालं.’’

ग्लोव्हजच्या खोक्यात एकच आकार होता, तिच्या हाताचा. त्यानं उघड्या हातानं शेपटी वर ओढून धरली, दुसऱ्या हातानं मागचा पाय. सैल पडलेलं ते गरम शरीर, चिकट झालेले केस, जांभळं पडलेलं ते बोटभर इंद्रिय, त्याच्या तोंडाशी अडकलेली वाळूसारखी गुठळी. इथे नाव नव्हतं, नंबर नव्हता, झाकण नव्हतं. वास थेट तोंडात येत होता, जिभेला लागत होता. डॉक्टरीण नळी सरकवायची, अडायची, पाणी सोडायची, पुन्हा सरकवायची. ‘‘हलवू नका... हलवू नका...’’ मितेशच्या तोंडात पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसं. ते तो गिळत राहिला. मान वळवायला जागा होती. डाव्या बाजूला नुसती भिंत होती, रिकामी, चुना लावलेली. त्यानं मान वळवली नाही. का, हे त्याला सांगता आलं नसतं. आणि मग काहीतरी सुटलं. लाल, गढूळ, कढत धार नळीतून उसळली, भांड्यात पडायच्या आधी त्याच्या मनगटावर, बाहीत, शर्टावर पोटापर्यंत. दाराशी उकिडवी बसलेली तानीबाय हसली. ‘‘मुतला रं मुतला! मामाच्या अंगावर मुतला!’’

‘‘लगेच खूश होऊ नका,’’ डॉक्टरीण म्हणाली. ‘‘मूत्रपिंडावर किती आलंय ते दोन दिवसांत कळेल. नळी शिवून ठेवते. इथे मुक्कामाला ठेवायची सोय नाही. घरी न्या, आणि दर तासाला किती आली, कसा रंग, लिहून ठेवा. मोघम नको.’’

परत येईतो सात वाजत आले होते. तानीबाय फुलं गोळा करून गेली. शर्ट अंगावर वाळला होता आणि ताठ झाला होता. तो बदलायच्या आधीच फोन वाजला.

‘‘टिंग्यानं मुतलं का?’’ ताईनं विचारलं.

मितेशनं ओट्यावर बसून सगळं सांगितलं. ताटली, बोंबील, नळी. मग थांबला आणि उरलेलंही सांगितलं. ‘‘ते तीन गोळे खोटे होते, ताई. मी वाळू बघितलीच नाही. मला किळस येत होती.’’

 पलीकडे इस्पितळातल्या कुठल्यातरी ढकलगाडीची चाकं वाजत गेली.

‘‘मेला तर नाही ना?’’

‘‘नाही. अजून नाही.’’

‘‘बरं.’’  मग ती बोलली, आणि आवाज चढलेला नव्हता, उलट खाली आलेला, ‘‘मला किळस येत नाही, असं वाटतं तुला? आप्पांचं अंथरूण बदललं की मी मागच्या दारी जाऊन ओकायचे. रोज. अकरा महिने. मग चूळ भरून यायचे आणि त्यांना भात भरवायचे. तू ओट्यावर फोन घेऊन बसायचास आणि आम्हां दोघांना ऐकू यायचं, व्हिडिओ बघतोयस ते. तुला काय वाटलं, मितू, मला नाकच नाही?’’

 बोलण्यासारखं जे होतं ते सगळं अकरा महिन्यांपैकी कुठल्याही एका रविवारी बोलायला हवं होतं.

‘‘शेवंतीला दिलंस का?’’ ताईनं विचारलं.

‘‘सकाळी दिलं. संध्याकाळचं राहिलंय.’’

‘‘मग दे. आधी तोंड पूस तिचं. नीट पूस. बोटानं दात चाचप, सैल झाला असेल तर सांग मला.’’ आणि तिनं फोन ठेवला.

त्यानं मीठ घालून पाणी कोमट केलं. शेवंती टेबलाखाली होती. तिला त्यानं मानगुटीला धरून मांडीवर घेतलं, फडकं बोटाला गुंडाळलं आणि तिचा जबडा उघडला. सडक्या मांसाचा, कुजलेल्या पाण्याचा वास. फडक्याला तपकिरी घाण, मग लाल, मग एक पिवळसर लगदा. बोट हिरडीवरून मागे गेलं आणि एक दाढ खाली-वर हलली. लाळेची तार त्याच्या मनगटावर पडली, जिथे टिंग्याचं वाळलं होतं तिथेच. त्यानं मांजर हळूच खाली ठेवलं, मागचं दार उघडलं आणि पायरीवरच ओकला. दोनदा. आधी चहा, मग नुसतं कडू पाणी. पलीकडे वाडीच्या बाजूला कुणाचीतरी चूल पेटली होती.

त्यानं पिंपातलं पाणी घेऊन चूळ भरली आणि आत आला. शेवंतीनं तोंड गच्च मिटून घेतलं होतं. तो खाली बसला, सिरिंज भरली आणि बोटानं ते उघडलं.